चार बोटं माया

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी कुणालाच पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही होतात तेव्हा तुम्हालाही नाही. आज रविवार. इथे जर्मनीत रविवारी सगळी दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही, आणि शिलाईची मशीन चालवली तर शेजारच्या खोलीतली नर्स भिंतीवर थापा मारते, कारण ती रात्रपाळी करून झोपलेली असते. माझी बायकोही नर्सच. हॅनोव्हरच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली आणि तिच्या मागून मी आलो. गावाकडे लोक उलटं समजतात, मी समजू देतो. आत्ता ती ड्युटीवर आहे. खोलीत मी आहे, टेबल आहे आणि कामावरून आणलेला पॅटर्नचा कागद आहे, त्यावरच लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. ते तुम्ही तसंही कधी बघितलं नाहीत. तुम्ही आकडे बघायचात, मापाचे.

सांगायचंय एका कोटाबद्दल. पण तुम्हाला कुठलाही कपडा आधी उलटा करून आतून बघायची सवय. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईच्या पदराआड हात घालून ब्लाऊजची शिवण तपासायचात तुम्ही, आणि ती बिचारी जिलबी तोंडात धरून तशीच बसायची. म्हणून आतून सुरुवात करतो.

बार्शीच्या तुमच्या शिवणक्लासमध्ये मी आलो तो दहावीत दुसऱ्यांदा आपटून. त्याआधी गॅरेज झालं होतं, बेकरी झाली होती, मंडपवाल्याकडे खुर्च्या उचलून झाल्या होत्या. महिना कुठेच भरला नव्हता. वडील तुमच्या दारात उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. कुठेतरी बसवा ह्याला." तुम्ही चष्म्याच्या वरून माझ्या पायांकडे बघितलंत. "भिंगरी आहे ना? मग पायमशीन ह्यालाच देते. ते कुणी घेत नाही." क्लासमध्ये अकरा मुली आणि मी. जाड वेणीची एक होती, ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय रे, तुझ्यासाठी स्थळं बघायला लागले वाटतं? शिवण शिकतोयस ते." तिच्या शेजारची म्हणाली, "शिवणीचं राहू दे, पोळ्या गोल येतात का विचार आधी." तुम्ही हसला नाहीत आणि त्यांना गप्पही केलं नाहीत. "झबलं घ्या," एवढंच म्हणालात. सगळ्यांची सुरुवात झबल्यापासून. पुढून उघडं, एका बाजूवर दुसरी बाजू आणायची आणि बंद बांधायचे. खांद्याला शिवण नाही, बटण नाही, बाळाला टोचेल असं आत काही नाही. मी सात झबली बिघडवली. आठवं तुम्ही मला न सांगता कुणाच्या तरी बाळंतविड्यात घालून टाकलंत. मला ते त्या वेणीवालीकडून कळलं.

मग बाह्यांचा धडा आला. तुम्ही खुर्चीत बसून पुस्तकातून वाचताय, पंखा खडखडतोय, आम्ही वहीत उतरवून घेतोय. फुगा बाही, घंटा बाही, आणि पुढे मला जे ऐकू आलं ते मी लिहिलं: किमान बाही. मला ते पटलंही. खाली आकृती होती, त्यात बाही अंगातूनच निघालेली, वेगळी कापायची गरज नाही, कापड एकदा दुमडलं की काम झालं. कमीत कमी कापायचं म्हणून किमान. तुम्ही वही बघितलीत आणि लाल पेन तसंच वर धरून राहिलात. "हे काय? किमान बाही?" "बाई, किमान कापायची ती." मागून आवाज आला, "मग बाई, कमाल बाही कुठली?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "कमाल तुझी. तू काल लावलीस ती फुगा बाही, खांद्यावर कबुतर बसल्यासारखी." मग मला म्हणालात, "किमोनो आहे ते. जपानातल्या बायका घालतात तो झगा. मी तरी कुठे बघितलाय, पुस्तकात आहे म्हणून सांगते." तुम्ही पेन टेकवलं नाहीत. "असू दे. अर्थ चुकला नाहीये."

अजून एक दिवस आहे. लग्नसराई चालू आहे, तुमच्याकडे ब्लाऊजांचा ढीग पडलाय आणि एक नवरीचा ब्लाऊज तुम्ही मला शिवायला दिलाय, माझा पहिला बाहेरचा. शिवून झाल्यावर आतून मला तो गबाळा वाटतोय, बगलेत दोन्हीकडे दोन-दोन बोटं कापड जास्तीचं लोंबतंय. मी कात्री घेतो आणि सगळीकडून छान काठाकाठाने कापून टाकतो, इस्त्री करतो, तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही तो उलटा करता. तुमचा हात थांबतो.

"माया कुठाय ह्याची?"

"कापली, बाई. नीटनेटकं केलं."

"नीटनेटकं केलंस. ही पोरगी आज बत्तीस आहे. दोन बाळंतपणं झाली की छत्तीस होणार. तेव्हा हा ब्लाऊज घेऊन माझ्या दारात येईल, म्हणेल, बाई, जरा सैल करून द्या. मी तिला काय सैल करून देऊ? तुझी अक्कल? ती आधीच सैल आहे."

अकराच्या अकरा मुली हसल्या. मला वाटलं झालं एवढंच. तर तुम्ही ब्लाऊज कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, जा, तिच्या घरी जाऊन सांग. मी म्हटलं, बाई, तुम्हाला सांगितलं ना. "मला सांगून काय उपयोग? मी घालणार आहे का? ज्याचं कापड त्याला सांगायचं." मी गेलो. नवरीची आई हळद दळत होती. मी सांगितलं की ह्यात माया राहिली नाही, माझ्या हातून कापली गेली. ती जातं थांबवून आत तोंड करून ओरडली, "अगं ए, ऐकलंस का, जाड व्हायचं नाही तू आता!" आणि माझ्या हातावर बुंदीचा लाडू ठेवला. तो मी रस्त्यात खाल्ला. माया हा शब्द मी तुमच्या तोंडून हजार वेळा ऐकला असेल, आणि दर वेळी तो बोटांत किंवा इंचांत होता.

परीक्षेला सहा आठवडे राहिले आणि मी पुण्याला निघून गेलो. कारण काही नव्हतं. बसची खिडकी हवी होती असं म्हणा. जाताना तुम्ही तुमचं पितळेचं अंगुस्तान दिलंत, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं, ते माझ्या बोटाला घट्ट व्हायचं. पुण्यात एका गारमेंटच्या शेडमध्ये दिवसभर नुसते शर्टांचे कफ शिवायचे, शर्ट कसा दिसतो तेही बघायला मिळायचं नाही. तिथे फोन आला, बाई गेल्या. तो दिवस आठवतो कारण डब्यात भेंडी होती. फोन ठेवला, डबा खाल्ला, धुतला, परत कफांना बसलो. आतून काहीतरी येईल म्हणून वाट बघितली, चार दिवस बघितली. मग विसरून गेलो. अंगुस्तान हरवलं. कुठे ते सांगता येणार नाही, कारण मी शोधलं नाही.

इथे आल्यावर पार्सलांचं गोदाम केलं, पिझ्झाचं किचन केलं, एका दुकानात लोकांच्या पँटी आखूड केल्या. तिन्ही सोडली. बायको भांडणारी नाही. आम्ही नर्सांच्या वसतिगृहात एका खोलीत राहतो, स्वयंपाकघर आठ जणींत एक, फ्रीजमध्ये आमच्या डब्यावर चिठ्ठी लावावी लागते. इथे घर भाड्याने द्यायचं तर मालक नवरा-बायको दोघांचे नोकरीचे कायमचे कागद मागतात. तिचा आहे, माझा नव्हता. मागच्या वर्षी कोट शिवायची ही नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली, "अरे, मला स्वतःचा ओटा पाहिजे. बाकी काही नको. सहा महिने बूड टेकव. फक्त सहा." पहिल्या सहा महिन्यांना इथे प्रोबेत्साइट म्हणतात, त्या मुदतीत ते तुम्हाला केव्हाही नारळ देऊ शकतात. ती कॅलेंडरवर खुणा करत नव्हती. पण महिना उलटला की त्या संध्याकाळी भाताऐवजी पुऱ्या असायच्या.

मालकिणीला सगळे शेफिन म्हणतात. पन्नाशीची, पांढरे आखूड केस, बोटांत कायम टाचणी. 'गेनाऊ' म्हणजे 'बरोबर', तो तिचा पूर्णविराम. ती फक्त कोट बनवते, बायकांचे, आणि सगळे किमोनोवरून घेतलेले. पहिल्या दिवशी तिने एक कोट काढून माझ्यापुढे धरला. रुंद सरळ बाह्या, बटण नाही, एका बाजूवर दुसरी बाजू, वरून पट्टा. माझ्या तोंडून निघालं, "झबलं!"

"बिट्टे?" ती म्हणाली, म्हणजे 'काय म्हणालास?'

मी दोन्ही हातांवर बाळ धरल्यासारखं करून दाखवलं. "बेबी. बेबीचं. पण मोठं."

ती माझ्याकडे बघून हसायलाच लागली. "मोठ्या बायकांना घालायचं बाळाचं कापड. गेनाऊ! गिऱ्हाइकांना हे कसं सांगावं म्हणून दहा वर्षं मी शब्द शोधतेय." त्या दिवसापासून ती नवीन नमुन्याला 'जाब्ला' म्हणते. तिच्या तोंडून ते बिस्किटासारखं लागतं.

इथे अशा कपड्यांचं आता सगळीकडे चाललंय, नुसतं आमच्याकडे नाही. हिवाळ्यात सायकलवरून जाणाऱ्या बायका बघाव्यात, बाह्या वाऱ्यात पाट्यांसारख्या उभ्या. लोक म्हणतात ह्यात अंग मोकळं राहतं, माप चुकत नाही, जाड-बारीक सगळ्यांना होतं. खरं आहे ते. पण बाई, मी ते आतून बघितलेत, कारण मीच शिवतो. रुंद पन्ह्याचं कापड, त्यातून मोठमोठे आकार कापायचे, कडेचं कापड पोत्याने टाकायचं, आत एक सेंटीमीटर माया ठेवून मशीनने गच्च गाठायची. उसवायचं म्हटलं तर कापड फाटेल, धागा येणार नाही. बाही मात्र तुमच्या पुस्तकातलीच, अंगातून निघालेली. त्यांच्या पॅटर्नवरही तेच नाव आहे, किमोनो बाही. मला वाटायचं, चला, एक तरी गोष्ट मला आधीपासून येते.

खरा किमोनो माझ्या हातात आला तो पाचव्या महिन्यात. टेर्मिन घेऊन, म्हणजे आधी वेळ ठरवून, एक बाई आल्या. साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच एवढ्या की दारात वाकल्या. त्यांची आई जपानची. लग्न करून इथे आली, इथेच म्हातारी झाली आणि मागच्या वर्षी वारली. बाईंनी टेबलावर कागदाची घडी उघडली, आत निळा किमोनो, शाईसारखा, पण वापरून वापरून पिकलेला, आणि त्यात तांदळाएवढे पांढरे ठिपके. त्यांनी हात स्वतःच्या खांद्याच्या खाली धरला. "आई एवढी होती. मी वडिलांवर गेले. मला हा आहे तसाच घालायचा होता, पण आखूड होतो. घोट्याच्या वर राहतो, मनगटं बाहेर. आरशात बघितलं तर वाटलं, लहान मुलीचं काही चोरून घातलंय." शेफिन म्हणाली, मग कोट करू, गुडघ्यापर्यंत, रोज घालाल. "रोज," बाई म्हणाल्या. त्यांनी घडीवरचा हात बराच वेळ उचलला नाही. मग आमच्या दांडीवरचे कोट बघत फिरल्या आणि एकदम थांबल्या. "आई असती तर म्हणाली असती, ही सगळी मेलेली माणसं आहेत." शेफिनला कळेना. बाईंनी स्वतःच्या छातीवर हाताने दाखवलं, जपानात जिवंत माणसाच्या कपड्याची डावी बाजू वर येते, बाई असो की पुरुष. उजवी वर फक्त प्रेताची. शेफिन म्हणाली, "आल्झो, म्हणजे असं बघा, युरोपात बायकांचं उजवं वर असतं." आपल्याकडेही तुम्ही तेच शिकवलंत, बाई. बायकांचं उजवं वर, पुरुषांचं डावं, हुक लावताना घोळ घालू नका. दोघी हसल्या, मीही हसलो, आणि मापं घ्यायला लागलो.

गुरुवारी शेफिनने मला किमोनो उसवायला दिला. मी ब्लेड काढलं होतं, लागलं नाही. हातशिलाई होती, लांब टाक्यांची, सरळ धावदोऱ्याची. एक टोक मोकळं केलं की सबंध शिवण एका ओढीत येते. कुणीतरी ती उसवायची म्हणूनच घातली होती. धुवायच्या वेळी सगळा किमोनो उसवायचा, कापड सपाट धुवायचं, परत शिवायचं, असं ते करतात. हे त्या बाईंनीच सांगितलं होतं. दोन तासांत माझ्यापुढे नुसत्या पट्ट्या उरल्या. सगळ्या सरळ. दीड-पावणेदोन वीत पन्हा, दोन पट्ट्या अंगाच्या, दोन बाह्यांच्या, दोन पुढच्या अरुंद, आणि गळ्याची. गोलाई कुठेच नाही. गळ्यापाशी एक छेद दिलेला, तेवढाच काय तो. पट्ट्या ओळीने मांडल्या तर दुकानातून फाडून आणलेलं कापड जसंच्या तसं परत झालं, चिंधीभरही गेलं नव्हतं. आणि बाही वेगळी होती, बाई. अंगातून निघालेली नव्हती, सरळ पट्टी, वेगळी जोडलेली. तुमचं पुस्तक चुकलं होतं. पॅटर्नवरचं नावही चुकलेलं आहे. खऱ्या किमोनोला किमोनो बाही नसते.

मग मी अंगाची पट्टी उलटी केली. कमरेच्या जागी, जिथे वरून रुंद पट्टा बांधला जातो आणि काही दिसत नाही, तिथे आतून एक आडवी चूण घातलेली होती. चार बोटं खोल. चूण उलगडली. आतलं निळं काळ्याच्या जवळ जाणारं, कोरं, जणू काल रंगवलेलं. त्या कोऱ्या पट्टीत सुईच्या भोकांच्या ओळी होत्या. एक, तिच्यापासून बोटभर लांब दुसरी, मग तिसरी. म्हणजे तीनदा ही चूण कमी-जास्त केली होती, तीन उंचींसाठी. एक त्या बाईंची आई असणार. बाकीच्या दोघी तिच्या आधीच्या असतील, मला माहीत नाही. बाह्यांच्या जोडातही माया दुमडून ठेवलेली, तीन बोटं, दोन्हीकडे. मी फॉर्मवरची त्या बाईंची उंची बघितली. टेप घेतला. चूण सोडली तर लांबी आठ बोटं वाढत होती, बाही मनगटाला पोचत होती. रंगातला फरक कमरेच्या पट्ट्याखाली लपला असता. किमोनो आखूड नव्हताच. त्यांच्या मापाचा होता, फक्त आत होता. हातशिलाईने मी तो दहा दिवसांत परत उभा केला असता, त्यासाठी कोट करावा लागला नसता, आणि तुकडे तर अजिबातच नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. असं काही सापडलं की माणसाला होतो. मी पट्टी घडी करून ठेवली आणि हात धुतले.

शुक्रवारी दुपारी मी शेफिनकडे गेलो आणि सांगितलं. माझं जर्मन त्या दिवशी कधी नव्हे ते सरळ आलं. मी म्हटलं, हा कापायला नको, आत माया आहे, त्या बाईंना हा होईल. तिने टाचणी तोंडात धरली. "गिऱ्हाइकाने कोट मागितलाय." मी म्हटलं, त्यांना माहीत नाही म्हणून कोट मागितलाय. ती म्हणाली, "आपण कोट बनवतो. आपलं संग्रहालय नाही." मी म्हटलं, एकदा फोन करून विचारा. ती म्हणाली, "ठरलेलं काम आहे. काप." मी आणखी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "तुझा सहावा महिना लागतोय ना?" मग मी आलो आणि कापलं. अंगाच्या दोन्ही पट्ट्या गुडघ्याच्या मापाने, बाह्या कोपराखाली तिरक्या, गळ्याला नवी गोलाई. आतली माया एक सेंटीमीटर ठेवून बाकीची उडवली. कात्री चांगली होती. आवाज झाला नाही.

कोट सुंदर झाला, हे लिहिलं पाहिजे. मीच शिवला आणि माझ्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं. कोऱ्या निळ्याची उडवलेली पट्टी शेफिनने खिशांना आतून लावायला सांगितली, हात घातला की दिसणार नाही पण काढताना कड चमकेल. दोन आठवड्यांनी त्या बाई न्यायला आल्या. घातला, आरशापुढे उभ्या राहिल्या, खिशात हात घातले. मागून बघितलं, पुढून बघितलं. मग आरशातल्या मला म्हणाल्या, "आईचं काही मला कधी बसलंच नाही. ना बूट, ना अंगठी. हे पहिलं." मी खाली बसून कड सरळ आहे का ते बघितलं. होती. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि कोट अंगावरच ठेवून गेल्या. उजवी बाजू वर.

सहावा महिना संपला आणि कायमचा कागद मिळाला. बायकोला मी शुक्रवारचं बोलणं आधीच सांगितलं होतं. तेव्हा तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे तू बोललास? त्यांच्या तोंडावर? भांडलास?"

"भांडलो असं नाही. बोललो."

"आणि तरी नोकरी आहे?"

"आहे."

तिने तिच्या आईला फोन लावला. "अगं आई, जावई सुधारले तुझे. आता भांडण करून सुद्धा दुसऱ्या दिवशी कामावर जातात." पलीकडून त्या काय म्हणाल्या ऐकू आलं नाही, पण ती खूप हसली. मग मला विचारलं, "त्या बाईला वाईट वाटलं असेल का रे?" मी म्हटलं, तिला माहीतच नाही. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "तू सांगितलंस ना पण. तू आपलं केलंस." हे ती अजून म्हणते. मैत्रिणींना सांगते. मी जवळ असलो की मला मध्ये मध्ये दुजोरा द्यावा लागतो, तो मी देतो. पुढच्या महिन्यात आम्ही नव्या घरात जाऊ. ओटा आहे, ओट्यापुढे खिडकी आहे, ती माप घेऊन आली आणि पडद्याचं कापड कुठलं घ्यायचं ते मला विचारतेय. मी तिला सांगेन.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. क्लासच्या त्या खोलीत आता कोण राहतं मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुम्ही तिथे नाही. उद्या दुकानात नेऊन जुन्या पॅटर्नांच्या गुंडाळीत ठेवीन. पण एक दुरुस्ती राहिली.

शुक्रवारचं शेफिनशी झालेलं बोलणं वर लिहिलंय, ते झालेलं नाही. बायकोला इतक्यांदा सांगितलंय की लिहितानाही हात अडला नाही. मी तिच्याकडे गेलोच नाही. तीच माझ्या टेबलापाशी आली, मांडलेल्या पट्ट्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आल्लेस क्लार?" सगळं ठीक? मी म्हटलं, क्लार. ती गेली. शेफिन तशी नाही, बाई. तिला सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे फोन उचलून त्या बाईंना विचारलं असतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे नोकरीची भीती म्हणावी, तर ती नव्हती. शब्द आला नाही म्हणावं, तर शिवणीतल्या मायेला इथे शब्द आहे, आमच्या प्रत्येक पॅटर्नवर छापलेला असतो. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. सांगितलं असतं तर सगळं उलगडून दाखवावं लागलं असतं, फोन झाला असता, त्या बाई आल्या असत्या. मला चार पस्तीसची ट्राम पकडायची होती. घरी काही काम होतं असंही नाही. कापून झालं, कात्री पुसून ठेवली, ट्राम मिळाली. बसायला जागाही मिळाली.